थकबाकी कुणाच्या नावावर?

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाचा विचार करायला मनाई केली. ही बातमी जगभर गेली, पण निकालपत्राच्या आत त्याहून वाचण्याजोगा मजकूर होता. न्यायालयातले दोन कृष्णवर्णीय न्यायमूर्ती तिथे एकमेकांना नाव घेऊन उत्तरं देत होते. केतनजी ब्राउन जॅक्सन यांनी आपल्या विरोधी मतात दोन काल्पनिक विद्यार्थी उभे केले. जॉन गोरा, त्याच्या घराण्यातली या विद्यापीठात शिकणारी ही सातवी पिढी. जेम्स काळा, त्याच्या घरातला तो पहिलाच. जॉनचे पूर्वज शिकत होते तेव्हा जेम्सच्या पूर्वजांना विद्यापीठाचं दारच बंद होतं, आणि प्रवेश देताना याकडे डोळेझाक करायची का, असा जॅक्सनबाईंचा सवाल. क्लॅरेन्स थॉमस यांनी तो फेटाळला. माणसाचं मोल त्याच्या वंशाच्या इतिहासावरून ठरवलं की त्याच्या कर्तृत्वाला जागाच उरत नाही, आणि कृष्णवर्णीय मुलाला तू जन्मतःच बळी आहेस असं शिकवणं हा त्याचाच अपमान, असं त्यांचं म्हणणं. हेच थॉमस कॉलेजात असताना माल्कम एक्स या जहाल कृष्णवर्णीय नेत्याचे चाहते होते, हे माहीत असलं की निकालपत्र जास्तच रंगतं.

बाहेरून पाहणाऱ्याला या वादात दोन फळ्या दिसतात. एका बाजूला जुन्या अन्यायाचा संताप धरून बसलेले, दुसऱ्या बाजूला ‘झालं ते झालं, आता स्वतःच्या पायावर उभे राहा’ म्हणणारे. वर्तमानपत्री चर्चेला ही मांडणी सोयीची असली, तरी सव्वाशे वर्षांचा हा वाद जरा जवळून वाचला की ती फारशी टिकत नाही. संताप आणि शिस्त एकाच माणसात, एकाच संघटनेत नांदताना वारंवार दिसतात. खरा तंटा निराळाच आहे: कुठली जबाबदारी कुणाच्या खात्यावर लिहायची, हा.

सुरुवात बुकर टी. वॉशिंग्टन आणि डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या दोन कृष्णवर्णीय विचारवंतांपासून करण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. वॉशिंग्टन जन्माने गुलाम. १८८१ मध्ये त्यांनी अलाबामात टस्कीगीची शाळा सुरू केली. तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून शाळेच्या इमारती उभ्या केल्या. १८ सप्टेंबर १८९५ ला अटलांटाच्या प्रदर्शनात केलेल्या भाषणात त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, की तळापासून सुरुवात करा, हातात कसब आणा, सामाजिक बरोबरीसाठी आत्ता भांडू नका. दक्षिणेतले गोरे खूश झाले. त्या दशकात झुंडी दरवर्षी शंभराच्या आसपास कृष्णवर्णीयांना फासावर लटकवत होत्या आणि एकेक राज्य त्यांचा मताधिकार काढून घेत होतं. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये या भूमिकेवर कडक टीका केली. मताचा हक्क सोडून दिलेल्या माणसाने कष्टाने मिळवलेलं राखायचं कशाच्या बळावर, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

शाळकरी पुस्तकात गोष्ट इथेच थांबते. पण याच वॉशिंग्टननी अलाबामातल्या मताधिकाराच्या खटल्यांना गुपचूप पैसे पुरवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांतून उघड झालं. व्यासपीठावर सबुरी आणि पडद्यामागे वकिलाची फी! उलट ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून १८९९ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात गुन्हेगारी, उधळपट्टी, विस्कटलेले संसार यांवरून आपल्याच समाजाची खरडपट्टी काढलेली आहे. दोघेही दोन्ही गोष्टी जाणून होते. फरक होता तो कुठलं बोलणं कुणासमोर करायचं याचा.

‘काटकसर करा, पुढे जा’ हा उपदेश ऐकणाऱ्यांचं काय झालं, याचा वॉशिंग्टन यांच्याही आधीचा एक दाखला इथे सविस्तर सांगायला हवा. मार्च १८६५ मध्ये लिंकन यांच्या सहीने फ्रीडमन्स बँक स्थापन झाली. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांनी बचत शिकावी हा हेतू. बँकेच्या प्रचारपत्रकांचा सूरच असा होता की पाठीशी सरकार उभं आहे असं लोकांना वाटावं. धोबिणी, शेतमजूर, कृष्णवर्णीय सैनिक, चर्चची मंडळं पासबुकं घेऊन पैसे भरू लागली. काहींची शिल्लक काही डॉलरांपलीकडे नव्हती. बँकेचे गोरे विश्वस्त मात्र हा पैसा ओळखीपाळखीच्या सट्टेबाजांना कर्जाऊ देत होते. १८७३ ची मंदी आली आणि डोलारा हलला. मार्च १८७४ मध्ये कृष्णवर्णीयांचे पुढारी फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केलं गेलं. त्यांनी पदरचे दहा हजार डॉलर बँकेला दिले, आणि मग कळलं की आत काहीच उरलेलं नाही. जूनमध्ये बँक बुडाली. ६१ हजारांवर खातेदार, तीस लाख डॉलरच्या घरातल्या ठेवी. काहींना पुढे वर्षानुवर्षांनी थोडीफार रक्कम मिळाली, बाकीच्यांना दमडीही नाही. वैयक्तिक जबाबदारी म्हणतात ती यापेक्षा आणखी कशी पार पाडायची?

आता संतापाच्या घराण्यांकडे पाहू. कृष्णवर्णीय राष्ट्रवादाचा पुढारी मार्कस गार्वी १९१६ मध्ये जमैकाहून अमेरिकेत आला तो आपल्या बेटावर टस्कीगीसारखी शाळा काढायचं मनात धरून. गोऱ्यांना थेट सैतान ठरवणाऱ्या नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय संघटनेच्या सभासदाला दारू, तंबाखू, जुगार, डुकराचं मांस, सगळंच वर्ज्य होतं. नीटनेटका सूट, वेळ पाळणं, संसार सांभाळणं, आपल्याच माणसांची दुकानं आणि बेकऱ्या, हा तिचा रोजचा धर्म. तुरुंगात असताना या संघटनेकडे वळलेला माल्कम एक्स सनातनी आजोबालाही लाजवेल इतक्या कडकपणे वागणुकीवर बोलत असे. १९६६ साली ऑकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचं छायाचित्र म्हणून बंदुकाच छापल्या जातात. पण १९६९ पासून हेच कार्यकर्ते पहाटे उठून चर्चमध्ये शाळकरी पोरांची न्याहारी रांधत होते. मुंबईत १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या मंडळींनी दलित पँथर काढली ती हेच नाव उचलून. तसं पाहिलं तर आपला हा संबंध आणखी जुना आहे. जोतीरावांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी मोडून काढणाऱ्यांना अर्पण केली होती, आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची चौकशी केली होती.

तेव्हा संतापलेला माणूस हातपाय हलवत नाही हा समज टाकून द्यावा. पण मग स्वावलंबनाचा उपदेश नेमका कधी बोचतो? तो कोण कुणाला करतो यावर ते बरंचसं ठरतं. हार्लेमच्या मशिदीत माल्कमने केला तर ऐकणारे ताठ होऊन बसतात. तेच बोलणं देणेकरी म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातंय त्याच्या तोंडून आलं, की ते तगाद्यातून सुटण्याची पळवाट वाटू लागतं. १८ फेब्रुवारी १९६५ ला केंब्रिजच्या विद्यार्थी संघात कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन आणि पुराणमतवादी गोरे संपादक विल्यम बकली यांचा सामना झाला. अमेरिकेची भरभराट कृष्णवर्णीयांच्या जिवावर झाली का, हा विषय. बकलींनी अन्याय नाकारला नाही, पण समोर असलेल्या संधी हे लोक का घेत नाहीत, याकडे त्यांचा रोख होता. बाल्डविनच्या बाजूने ५४४ मतं पडली, विरोधात १६४. त्यानंतर तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्सचा खून झाला.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन या श्रम खात्यातल्या अधिकाऱ्याने कृष्णवर्णीय कुटुंबावर एक सरकारी टिपण लिहिलं. जवळपास चौथा हिस्सा मुलं लग्नाबाहेर जन्मत आहेत, असं त्याने आकडेवारीने दाखवलं. त्याचं मूळ त्याने गुलामीत आणि पुरुषांच्या बेकारीत शोधलं आणि सरकारने हालचाल करावी असं मागितलं. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली, टिपण बाहेर फुटलं आणि प्रत्येकाने त्यातलं आपल्या सोयीचं अर्धं उचललं. एकाने गुलामी वाचली, दुसऱ्याने बिनबापाची पोरं. ‘बळी पडलेल्यालाच दोषी ठरवता’ असा गदारोळ इतका उठला की पुढची वीसेक वर्षं बऱ्याच उदारमतवादी अभ्यासकांनी या विषयाला हात लावणं टाळलं. मग १९८७ मध्ये समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्यूलियस विल्सन यांनी कारखाने शहरं सोडून गेल्यावर पुरुषांची मिळकत आणि लग्नं दोन्ही कशी आटली, हे दाखवून दिलं. आज लग्नाबाहेरच्या जन्मांचं प्रमाण कृष्णवर्णीयांत सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. गोऱ्यांतलं प्रमाणही मॉयनिहनला ज्या आकड्याने धक्का बसला होता त्याच्या वर गेलं आहे. केवळ गुलामीच्या वारशाने हे सगळं उलगडणार नाही, आणि केवळ ‘त्यांच्या संस्कृती’नेही नाही.

जबाबदारीच्या बाजूचे सगळ्यांत तयारीचे वकील म्हणजे थॉमस सोवेल. १९३० चा जन्म, हार्लेममध्ये वाढ, अर्थशास्त्रज्ञ. त्यांचा आवडता आकडा असा, की कृष्णवर्णीय कुटुंबांतलं दारिद्र्य १९४० मध्ये ८७ टक्के होतं ते १९६० पर्यंत ४७ वर आलं. म्हणजे नागरी हक्कांचे कायदे आणि कल्याणकारी योजना यायच्या आधीच. आकडा खरा आहे. पण त्याच वीस वर्षांत लाखो माणसं दक्षिणेतली वाट्याची शेती सोडून डेट्रॉइट-शिकागोच्या कारखान्यांत आली आणि युद्धाने त्या कारखान्यांना मजुरांची भूक लावली होती. माणसं मेहनती होती म्हणून वर आली हे जितकं खरं, तितकंच कारखान्याचं दार उघडलं म्हणून वर आली हेही खरं. त्याच बाजूचे कृष्णवर्णीय लेखक शेल्बी स्टील यांच्या १९९० च्या पुस्तकातला मुद्दा मनाचा आहे: बळी असण्यातून नैतिक वजन मिळतं आणि त्या वजनाची सवय लागते. मला हे निरीक्षण अगदी टाकाऊ वाटत नाही, पण मन मोजायला माप नसतं आणि घराचं खरेदीखत असतं. वादात मी खरेदीखताकडे झुकतो.

विनोदी अभिनेते बिल कॉस्बींच्या २००४ च्या गाजलेल्या भाषणाबद्दल फार लिहू नये. गरीब कृष्णवर्णीय आईबापांना त्यांनी भर सभेत झापलं, सभेने टाळ्या वाजवल्या. पुढे कॉस्बींच्या स्वतःच्या वर्तनाचं जे कोर्टात निघालं त्यानंतर ते भाषण कुणी फारसं काढत नाही. त्यापेक्षा जेम्स फोरमन यांचं २०१७ चं पुस्तक महत्त्वाचं. फोरमन वॉशिंग्टन शहरात गरिबांच्या बाजूने उभे राहणारे सरकारी वकील होते. त्यांनी दाखवलं की तिथल्या कडक शिक्षांना, जास्त पोलिसांना पाठिंबा देणाऱ्यांत कृष्णवर्णीय नगरसेवक, न्यायाधीश आणि पाद्री आघाडीवर होते, कारण हेरॉइन आणि क्रॅकने त्यांचीच गल्ली पोखरली होती. याच लोकांनी नोकऱ्या आणि शाळाही मागितल्या होत्या. पदरात पडले ते फक्त तुरुंग.

२०१४ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात टा-नेहिसी कोट्स यांचा नुकसानभरपाईवरचा दीर्घ लेख आला आणि वादाची दिशा बदलली. कोट्सनी गुलामीवर भर न देता शिकागोतल्या घरांवर दिला. सरकारी गृहकर्ज-हमीच्या नियमांमुळे कृष्णवर्णीय वस्त्यांत बँका कर्ज देत नसत. मग दलाल पडेल भावात घर घेऊन दुप्पट-तिप्पट किमतीला ‘करारा’वर विकत. हप्ते भरायचे, डागडुजी करायची, कर भरायचा, पण शेवटचा हप्ता जाईपर्यंत मालकी दलालाची. एक हप्ता चुकला की घर गेलं आणि भरलेले पैसेही गेले. दलाल मग तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला विकायला मोकळा. हे कुणा पणजोबाच्या काळात घडलेलं नाही. त्यातली काही माणसं लेख आला तेव्हा हयात होती.

कुठे कर्ज देणं किती धोक्याचं हे रंगांनी दाखवणाऱ्या, सर्वांत धोक्याची वस्ती लाल रंगवणाऱ्या, वस्त्यांच्या लाल-पिवळ्या-निळ्या-हिरव्या सरकारी नकाशांची गोष्ट आता सर्वतोमुखी झाली आहे, तेव्हा एक खडा टाकतो. त्या लाल पट्ट्यांत राहणाऱ्यांत बहुसंख्य गरीब गोरेच होते, असं अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं. पण कृष्णवर्णीय वस्ती म्हटली की ती जवळपास हमखास लाल, हेही त्याच आकड्यांत आहे. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीनुसार मधल्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४५ हजारांहून किंचित कमी.

भरपाईला विरोध फक्त उजवीकडून नाही. डाव्या विचारांचे अॅडॉल्फ रीड यांनी २००० सालीच लिहिलं, की ही मागणी गरिबांची एकजूट फोडते आणि तिच्यामागे बहुमत कधीच उभं राहणार नाही. दुसरी गोष्ट तरी आजवर खरी ठरली आहे. प्यू संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत ७७ टक्के कृष्णवर्णीय भरपाईच्या बाजूने होते, गोरे १८ टक्के. सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप मात्र सिनेटर मिच मॅकॉनल यांनी जून २०१९ मध्ये बोलून दाखवला: दीडशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीला आज हयात असलेलं कुणीच जबाबदार नाही, मग भरपाई कशी द्यायची?

व्यक्तीपुरतं हे म्हणणं मला पूर्ण पटतं. आजोबाचं पाप नातवाच्या माथी मारू नये. पण भरपाई नातवाकडे मागितलीच कुणी आहे? ती सरकारकडे, शहराकडे, बँकेकडे मागितली जाते, आणि ही मंडळी मरत नाहीत. यादवी युद्धातल्या एका सैनिकाच्या मुलीला अमेरिकन सरकार दरमहा ७३ डॉलर १३ सेंट निवृत्तिवेतन देत होतं, ते तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे मे २०२० पर्यंत. मॅकॉनल बोलत होते त्याही महिन्यात ती रक्कम गेली असणार. १८६२ मध्ये राजधानीतली गुलामी संपवताना याच सरकारने माणशी तीनशे डॉलरपर्यंत भरपाई दिली होती, फक्त ती मालकांना. आणि १९८८ मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या हयात लोकांना प्रत्येकी वीस हजार डॉलर मिळाले. तेव्हा नोंदी काढल्या, नावं शोधली, धनादेश पाठवले. ८० हजारांहून जास्त लोकांना पैसे पोचले.

या सगळ्यात शुद्ध आकडेवारीचं काम पाहायचं तर राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेलं. दोन कोटी मुलांच्या नोंदी तपासून त्यांना आढळलं, की त्याच उत्पन्नाच्या, अगदी त्याच गल्लीतल्या घरांत वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा मोठेपणी गोऱ्या मुलापेक्षा कमी कमावतो. मुलींत हा फरक जवळपास दिसत नाही. फरक कुठे कमी? जिथे गोऱ्यांच्या मनात वंशद्वेष कमी आहे आणि जिथे वस्तीत कृष्णवर्णीय बाप घरी नांदतात, तिथे. दोन्ही पक्षांनी या एकाच निष्कर्षातलं पुन्हा आपापलं अर्धं उचललं. मॉयनिहनच्या वेळी झालं तेच.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय निघाला की ‘आम्ही तर काल आलो, आमचा काय संबंध?’ हे वाक्य ठरलेलं. संबंध आहे तो दोषाचा नव्हे, लाभाचा. १९२३ मध्ये भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारणाऱ्या देशाने १९६५ मध्ये इमिग्रेशनचा कायदा बदलला, तो नागरी हक्कांच्या चळवळीने हवा बदलली म्हणून. न्यू जर्सीतल्या गणपतीच्या मंडपापर्यंत येणारा रस्ता अलाबामातून जातो, आणि लाभ चालतो पण त्याचा इतिहास नको, हे काही बरं नाही.

नकाशे, करार, पासबुकं यांवर बोलणं आलं की वाद मिटत नाही, पण नेमका होतो. शिकागोच्या उत्तरेला एव्हन्स्टन नावाचं गाव आहे. तिथल्या नगर परिषदेने कायदेशीर झालेल्या गांजाच्या विक्रीवरच्या करातून एक कोटी डॉलर बाजूला काढायचं २०१९ मध्ये ठरवलं. १९१९ ते १९६९ या काळात गावात राहिलेल्या कृष्णवर्णीयांना किंवा त्यांच्या थेट वंशजांना घरासाठी प्रत्येकी २५ हजार डॉलर. पहिल्या खेपेला जानेवारी २०२२ मध्ये सोळा जणांची सोडत निघाली. रक्कम थेट हातात मिळणार नव्हती, ती बँकेला किंवा दुरुस्तीच्या कंत्राटदाराला जायची. २०२१ च्या मतदानात योजनेविरुद्ध एकच मत पडलं, ते सिसेली फ्लेमिंग या कृष्णवर्णीय सदस्येचं. देणं चुकवताना पैसे कसे खर्चायचे हे देणेकऱ्याने शिकवू नये, असा त्यांचा सूर होता. भरपाईच्या आतही पुन्हा तोच जुना उपदेश शिरला, हे त्यांनी बरोबर हेरलं. २०२३ मध्ये परिषदेने रोख रकमेचा पर्याय खुला केला.

२०२४ मध्ये योजनेविरुद्ध फेडरल कोर्टात दावा दाखल झाला. वादी आहेत त्याच काळात एव्हन्स्टनमध्ये राहिलेल्यांचे कृष्णवर्णीय नसलेले वंशज. आपलं म्हणणं ते असं मांडतात: अर्जदाराला नुकसान झाल्याचा पुरावा मागितलाच जात नाही, वंश एवढाच निकष लावला जातो, आणि राज्यघटना त्याला मुभा देत नाही. गावाच्या बाजूने असलेल्यांचं उत्तर आहे की ती पन्नास वर्षं गावात घरासाठीही वंश एवढाच निकष होता.